‘नक्की कुठली थेरपी खरी?’

प्रश्न

सांगलीतल्या एका शाळेत गणित शिकवणाऱ्या ३८ वर्षांच्या शिक्षिकेचं पत्र आलंय. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून ते थोडक्यात देत आहे.

२०१९ च्या पुरात त्यांचं सांगलीवाडीतलं माहेर पाण्याखाली गेलं. वडील घर सोडायला तयार नव्हते. शेवटी यांनीच त्यांना बोटीत बसवून बाहेर काढलं. पुढच्या वर्षी वडील वारले. तेव्हापासून दर पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी आणि कोयना धरणाचा विसर्ग दिवसातून कितीतरी वेळा मोबाईलवर पाहायचा, रात्री उठून पुन्हा पाहायचा, पुलावरून जाणं टाळायचं, कागदपत्रांची बॅग भरून दाराशी ठेवायची, असं चालू आहे. गेल्या पावसाळ्यात वर्गात शिकवतानाच छातीत धडधड सुरू झाली, हातपाय गार पडले. हृदयाच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल आल्या. मिरजेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी गोळ्या दिल्या, झोप सुधारली, आणि ‘सोबत थेरपी घ्या’ असं त्यांनी सुचवलं.

पहिल्या समुपदेशक बाई पुराबद्दल फारसं विचारेनात, वडिलांबद्दलच विचारत राहिल्या. काही भेटींनंतर यांनी जाणं सोडलं. दुसऱ्यांनी वही दिली, तक्ता दिला, मोबाईल बघायच्या वेळा बांधून दिल्या आणि पुलावर जाऊन उभं राहायला सांगितलं. तेही कोरडं वाटलं, म्हणून तेही सुटलं. मग यांनी इंटरनेटवर वाचायला घेतलं. ‘बोलून मनाचा तळ शोधायला लावणारा फ्रॉइड चूक होता म्हणतात, वही-तक्त्यांनी विचार आणि वागणं बदलायची ती सीबीटी वरवरची म्हणतात, डोळे फिरवायची ती ईएमडीआर म्हणजे थोतांड म्हणतात. हे शास्त्र असेल तर उत्तर एकच हवं ना? चुकीची पद्धत निवडली आणि आणखी बिघडलं तर? की माझ्यातच काहीतरी बिघाड आहे?’ यजमानांचं म्हणणं, ‘बोलायला आम्ही आहोत की. पैसे देऊन काय बोलायचं?’

पत्राच्या तळाशी एक ओळ आहे: ‘बोटीत बसवताना मी बाबांना नको ते बोलले. असो.’

उत्तर

नमस्कार ताई,

आधी तुमच्या भीतीबद्दल. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. ते पाणी ज्यांनी घरात शिरताना पाहिलंय त्यांनी पावसाळ्यात पातळीची चौकशी करावी, यात वेडेपणा काही नाही. ऑगस्टात कोयनेतून किती क्युसेक सोडलं हे सांगलीत भाजीवालाही सांगतो. त्यामुळे ‘माझ्यातच बिघाड आहे’ हे तुमचं म्हणणं मला मान्य नाही. भीती खऱ्या गोष्टीची आहे. त्या भीतीभोवती हळूहळू जे जमत गेलंय त्याचा त्रास आहे, आणि त्यावर उपाय होतात.

दुसरं गृहीतक गणिताच्या तासातून आलेलं दिसतं. एका प्रश्नाला एकच उत्तर, म्हणजे दोन समुपदेशकांनी दोन गोष्टी सांगितल्या तर एक जण तरी चुकलाच. पण त्या दोघांनी सोडवायला घेतलेले प्रश्नच वेगळे होते. पहिल्या बाईंनी हात घातला तो तुमच्यात आणि बाबांच्यात जे राहून गेलं त्याला. दुसऱ्यांनी हात घातला तो मोबाईलला आणि पुलाला. दोन्ही गोष्टी तुमच्याच पत्रात आहेत. मानसोपचारांचा इतिहास पाहिला तर तिथेही असंच घडलेलं दिसतं. कुणाच्या तरी समोर एक माणूस विशिष्ट त्रास घेऊन बसला, आणि त्यातून एक पद्धत निघाली. म्हणून पद्धत खरी की खोटी हे ठरवण्याआधी ती कुणासाठी निघाली होती हे पाहावं. तुम्ही इतकं वाचलंच आहे, तर तेच या बाजूने एकदा बघूया.

१८८० साली व्हिएन्नात बर्था पापेनहाइम ही २१ वर्षांची मुलगी आजारी वडिलांची शुश्रूषा करत होती. रात्र रात्र जागायची. तिला खोकला लागला, हातपाय लुळे पडू लागले, नजर बिघडली. एक काळ असा आला की ती स्वतःची जर्मन भाषा सोडून फक्त इंग्रजीत बोलू लागली. १८८१ मध्ये वडील गेले आणि त्रास वाढला. डॉ. जोसेफ ब्रॉयर तिच्याकडे नेमाने जायचे. ती बोलायची, ते ऐकायचे. एखादं लक्षण पहिल्यांदा कधी सुरू झालं ते आठवून, त्या वेळी गिळून टाकलेलं बोलून मोकळं केलं की ते लक्षण ओसरायचं. ‘बोलण्याचा उपचार’ हे नाव तिनेच दिलेलं आहे. १८९५ मध्ये ब्रॉयर आणि त्यांचे तरुण सहकारी सिग्मंड फ्रॉइड यांनी तिची हकिगत ‘ॲना ओ.’ या टोपणनावाने छापली. छापील हकिगतीत वाटते तितकी ती बरी झाली नव्हती, हेही सांगायला हवं. नंतरही तिला आरोग्यधामात राहावं लागलं. पुढे ती सावरली आणि जर्मनीत स्त्रिया आणि मुलींसाठी तिने मोठं काम उभं केलं.

म्हणजे या सगळ्या शास्त्राच्या मुळाशी वडिलांच्या उशाशी बसलेली एक मुलगी आहे. पहिल्या समुपदेशक बाई तुम्हाला वडिलांबद्दल का विचारत होत्या, ते आता कळेल. १९१७ मध्ये फ्रॉइडचा शोकावरचा एक निबंध छापून आला. माणूस गेल्यावर काही जण दुःख करून सावरतात आणि काही जण स्वतःलाच टोचत राहतात, असं का होतं, हा त्याचा विषय. त्याचं उत्तर असं, की गेलेल्या माणसावरचा राग कुठे काढायचा ते कळत नाही, म्हणून तो स्वतःवर उलटतो. फ्रॉइडचं पुष्कळसं म्हणणं आज टिकलेलं नाही. स्त्रियांबद्दलचं तर नाहीच, आणि पडताळून पाहता येणार नाही अशी विधानं त्याने बरीच केली. आठवड्यातून पाच-सहा दिवस कोचावर पडून बोलायचं, तेही महिनोन्महिने, हे तर सांगलीच काय, कुठल्याच नोकरदार माणसाला परवडणारं नाही. पण न बोललेलं आतून काम करत राहतं, आणि घरातल्या माणसांशी आपलं जसं नातं असतं तसंच आपण नकळत उपचार करणाऱ्याशीही जोडू लागतो, ही दोन निरीक्षणं आजही कामाची आहेत. आपल्याकडे हा विचार लवकर पोचला होता. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्येच कलकत्त्यात मनोविश्लेषकांची, म्हणजे फ्रॉइडच्या या पद्धतीने उपचार करणाऱ्यांची, संस्था काढली. त्यांचा फ्रॉइडशी पत्रव्यवहार होता आणि त्याच्याशी मतभेदही होते.

त्या बाईंचं मला एकच खटकतं. ‘मी हे का विचारतेय’ एवढं त्यांनी पहिल्याच भेटीत सांगायला हवं होतं. या परंपरेत उपचार करणारा कमी बोलतो, आणि समोरच्याला वाटतं, माझं दुखणं एकीकडे आणि यांचे प्रश्न भलतीकडे.

आता वही आणि तक्त्याकडे येऊ. इथे जरा थांबते, कारण तुमच्या रोजच्या हालांशी याचा थेट संबंध आहे.

१९२४ मध्ये अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या तरुण संशोधक स्त्रीने पीटर नावाच्या लहान मुलावर केलेलं काम छापून आलं. पीटर तीन वर्षांच्या आतबाहेरचा, सशाला घाबरायचा. तिने भीतीचं मूळ शोधलं नाही. पीटर आवडीचं खात असताना ससा पिंजऱ्यात ठेवून खोलीच्या दूरच्या टोकाला आणला. तो निवांत खातोय असं दिसलं की पिंजरा जरा पुढे. काही दिवस पुढे, कधी पुन्हा मागे. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला. पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या जोसेफ वोल्पेंनी याची शिस्तशीर पद्धत बसवली. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांवर उपचार करताना त्यांनी पाहिलं होतं की औषध देऊन जुन्या आठवणी बोलत्या केल्या तरी भीती हटत नाही. १९५८ मधल्या त्यांच्या पुस्तकात भीतीची शिडी आहे: सगळ्यात कमी घाबरवणाऱ्या पायरीपासून सुरुवात, शरीर सैल ठेवायला शिकायचं, आणि एक पायरी बसल्याशिवाय पुढची घ्यायची नाही. १९६६ मध्ये लंडनमध्ये व्हिक्टर मायर यांनी आणखी एक धागा जोडला. एखादी कृती पुन्हा पुन्हा केल्याशिवाय ज्यांना चैनच पडत नाही, त्यांना भीतीच्या प्रसंगासमोर तर न्यायचंच, पण ती कृतीही करू द्यायची नाही.

हे सगळं तुमच्या रात्रीच्या दोन वाजता लावून बघा. जाग येते. छातीवर दडपण. हात उशाखालच्या मोबाईलकडे जातो. आयर्विन ३४ फूट. हुश्श होतं. पण मन त्या क्षणी ‘पाणी कमी आहे, झोप’ असं शिकत नाही. ते शिकतं, ‘बघितलं म्हणून बरं वाटलं’. दहा मिनिटांत शंका येते, हा आकडा किती वाजताचा? पुन्हा मोबाईल. दर वेळच्या सुटकेने बघण्याची गरज वाढत जाते. पुलाचंही तसंच. टाळल्यावर वाटणारा हलकेपणा हाच भीतीचा खुराक असतो. दुसऱ्या समुपदेशकांनी बघायच्या वेळा बांधून दिल्या त्या यासाठी, आणि ते बरोबरच होतं. ‘पुलावर जाऊन उभ्या राहा’ हे मात्र शिडीच्या मधल्या पायऱ्या गाळून सांगितलं असेल तर तुम्ही पळालात यात नवल नाही. तुमची शिडी कदाचित अशी असेल: आधी पुलाचा फोटो, मग उन्हाळ्यात कृष्णा शांत असताना यजमानांबरोबर पुलावरून गाडीने, मग पायी, मग एकटीने, मग पहिल्या पावसानंतर. प्रत्येक पायरीवर धडधड उतरेपर्यंत थांबायचं, किंवा निदान ‘धडधड झाली आणि काही झालं नाही’ हे कळेपर्यंत. यातून जुनी भीती पुसली जात नाही. तिच्या शेजारी एक नवी शिकवण उभी राहते आणि सरावाने ती आधी आठवू लागते. म्हणूनच पुढच्या मोठ्या पावसात भीतीने पुन्हा डोकं वर काढलं तरी उपचार फुकट गेला असं समजायचं नाही.

आणि दाराशी ठेवलेली बॅग? ती राहू द्या. नदीकाठच्या माणसाने पावसाळ्यात कागदपत्रं एका जागी भरून ठेवणं ही तयारी आहे. फरक एवढाच बघायचा, की बॅग एकदा भरली की विषय संपतो, की ती रोज उघडून पुन्हा लावावी लागते.

वर्गातल्या त्या प्रसंगाबद्दल ॲरन बेक यांच्याकडे जावं लागेल. फिलाडेल्फियाचे हे मानसोपचारतज्ज्ञ स्वतः मनोविश्लेषण शिकलेले होते. विषादग्रस्त माणूस स्वतःवर राग उलटवतो हे फ्रॉइडचं म्हणणं सिद्ध करायला ते निघाले आणि रुग्णांची स्वप्नं तपासू लागले. स्वप्नांत राग सापडायला हवा होता. सापडली ती हार, काहीतरी हरवणं, नाकारलं जाणं. रुग्णांशी बोलताना त्यांना असंही दिसलं की माणूस वरवर एक सांगत असतो तेव्हा आत विचारांचा दुसराच झरा वाहत असतो: ‘मी हरलो’, ‘यांना माझा कंटाळा आला’. हे विचार आपोआप येतात आणि माणूस ते न तपासताच खरे धरतो. १९६० च्या दशकात यातून त्यांची उपचारपद्धत उभी राहिली. तिकडे न्यूयॉर्कमध्ये मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस १९५५ पासून, जरा खडसावून का होईना, जवळपास हेच सांगत होते. आज ज्याला आपण सीबीटी म्हणतो त्यात ही विचारांची बाजू आणि वर सांगितलेली वर्तनाची बाजू एकत्र आल्या आहेत. धडधडीच्या झटक्यांबद्दल ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये मांडलेली उपपत्ती मला फार उपयोगाची वाटते. हृदय जरा जोरात चालतं, माणूस त्याचा अर्थ ‘आता काहीतरी होणार’ असा लावतो, त्या अर्थाने हृदय आणखी जोरात चालतं, आणि चक्र सुरू होतं. तुमच्या तपासण्या नॉर्मल आल्यात. म्हणजे पुढच्या वेळी खडू हातात असताना धडधड झाली तर ती काही मिनिटांत चढून उतरणार आहे, हे तुम्हाला आधीच माहीत असेल.

‘सीबीटी वरवरची’ हा आरोप मला अन्यायाचा वाटतो. वरवर शिकवली तर कुठलीही पद्धत वरवरचीच होते.

राहिला कोरडेपणा. याबद्दल अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी सांगितलेली एक हकिगत आहे. ते न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरमध्ये मुलांच्या समुपदेशन केंद्रात काम करत. एक आई व्रात्य मुलाला घेऊन यायची. अडचण तिच्या मनातल्या नकोसेपणात आहे असं रॉजर्सना दिसत होतं आणि ते तिला परोपरीने समजावत होते. काही उपयोग होईना. शेवटी त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, आपल्या दोघांनाही जमलं नाही, थांबूया. बाई दाराकडे गेली, वळली आणि म्हणाली, तुम्ही मोठ्या माणसांना सल्ला देता का? मग ती बसली आणि तिने आपल्या संसाराची कहाणी सांगितली. आधीच्या सुबक माहितीत त्यातलं काहीच नव्हतं. कुठे दुखतंय, कुठल्या दिशेने जायचं, हे समोरच्या माणसालाच ठाऊक असतं, हे रॉजर्स यातून शिकले. १९५७ मध्ये त्यांनी उपचाराच्या अटी मांडल्या. उपचार करणाऱ्याने अटी न घालता समोरच्याला स्वीकारावं, त्याच्या जागी जाऊन समजून घ्यावं आणि स्वतः खोटं वागू नये, या त्यातल्या मुख्य. तक्ता देणाऱ्या माणसाकडेही हे असायलाच हवं. ते नसेल तर कोरडंच वाटणार, आणि ‘मला कोरडं वाटतंय’ हे तोंडावर सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

मग शास्त्राचं काय? हा प्रश्न तुमच्याआधी अनेकांनी विचारलाय, तोही सौम्य शब्दांत नव्हे. १९५२ मध्ये लंडनचे मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांनी लिहिलं की थेरपीने लोक बरे होतात याला पुरावाच नाही. त्या धक्क्याने लोक मोजमापाला लागले. १९७७ मध्ये मेरी स्मिथ आणि जीन ग्लास यांनी ३७५ अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला: थेरपी घेतलेली सरासरी व्यक्ती ही न घेतलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांपेक्षा बऱ्या स्थितीत असते. आणि पद्धतीपद्धतींमधला फरक त्यांना फार थोडा दिसला. सॉल रोझेनझ्वाइग यांनी १९३६ मध्येच हा तर्क केला होता, की पद्धतींची भांडणं मोठी असली तरी सगळ्यांत न बोललेलं काहीतरी समान आहे आणि काम तेच करतं.

म्हणून कुणी तुम्हाला म्हणेल, ‘सगळ्या सारख्याच, कुठेही जा.’ तेवढं ऐकू नका. सरासरीत फरक कमी असला तरी काही त्रासांत पद्धत महत्त्वाची ठरते. विशिष्ट भीती, धडधडीचे झटके, पुन्हा पुन्हा तपासत राहण्याची सक्ती यांत भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरं जाणं फार उपयोगी ठरतं. केवळ बोलून, कितीही मायेने बोललं तरी, ते सुटायला अवघड जातं. उलट शोक, नात्यातला अपराधभाव, आयुष्याची दिशा हरवणं यांत तक्ते थिटे पडतात. ईएमडीआर थोतांड नाही. फ्रान्सिन शपिरो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस ती मांडली आणि मोठ्या आघातानंतरच्या त्रासासाठी जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१३ मध्ये ती सुचवली आहे. वाद आहे तो डोळ्यांच्या हालचालीने नेमकं काय साधतं यावर. पुराची दृश्यं, तो आवाज, तो वास तुम्हाला आजही अचानक घेरत असतील तर तिचा विचार जरूर व्हावा. पत्रात तसं काही नाही, आणि पत्रावरून निदान करणं योग्यही नाही, म्हणून हा निर्णय मी तुमच्या मिरजेच्या डॉक्टरांवर सोडते.

बिघडेल का, असंही तुम्ही विचारलंय. प्रशिक्षित माणसाकडे पद्धत चुकली तर बहुतेक वेळा वेळ आणि पैसा जातो, तुम्ही मोडत नाही. धोका असतो तो घाईचा. मोठ्या आपत्तीनंतर लगेच लोकांना एकत्र बसवून सगळं बोलायला लावायची एक पद्धत होती. तिने पुढचा त्रास टळत नाही असं दिसल्यावर ती आता सुचवली जात नाही. तुमची तयारी नसताना कुणी खोलात नेत असेल, तुमचं बोलणं बाहेर जात असेल, किंवा ‘माझ्याशिवाय तुमचं होणार नाही’ असं भासवत असेल, तर तिथून उठा.

आता ती तळाची ओळ. तुम्ही ‘असो’ म्हणून मिटवलीत, पण अख्ख्या पत्रात माझं लक्ष तिथेच गेलं. ज्या बोटीत तुम्ही बाबांना वाचवलंत, त्याच बोटीत तुमच्या तोंडून ते शब्द गेले. पाणी चढत होतं, म्हातारा माणूस उंबरा धरून बसला होता, आणि लेक ओरडली. फ्रॉइड म्हणाला असता, बाबांवर राग आहे. बेक म्हणाले असते, आधी बघूया, राग आहे की फक्त गमावल्याचं दुःख आणि ‘मी वाईट मुलगी आहे’ हा न तपासलेला विचार. यातलं काय खरं ते मी सांगू शकत नाही. ते तुम्हालाच, कुणाच्या तरी सोबतीने, बोलून बघावं लागेल. पण मला असं वाटतं की पातळी बघण्याचा एक भाग पुराचा आहे आणि एक भाग बाबांचा. हे चुकीचंही असेल. पण दुसऱ्या समुपदेशकांना ही ओळ माहीतच नव्हती, आणि पहिल्या बाई तिच्या आसपास फिरत होत्या तेव्हा तुम्ही उठून आलात. म्हणजे दोघांच्याही हातात अर्धंच पत्र होतं.

म्हणून माझं मत सांगते. तिसऱ्या नव्या ठिकाणी जाण्याआधी दुसऱ्यांकडे एकदा परत जा. पावसाळ्याआधी जा, एप्रिल-मे मध्ये, म्हणजे नदी खाली असताना शिडीच्या पहिल्या पायऱ्या होतील. ती ओळ त्यांना सांगा, आणि विचारा की मोबाईल-पुलाच्या कामाबरोबर याला जागा देता येईल का. चांगला समुपदेशक ‘हो’ म्हणेल किंवा ‘हे माझ्या आवाक्यातलं नाही, यासाठी अमक्यांकडे जा’ असं स्वच्छ सांगेल. दोन्ही उत्तरं चांगली. बाबांचं बोलल्याशिवाय पुलाकडे पाऊलच उचलत नसेल तर क्रम उलटा करा आणि पहिल्या बाईंकडे जा, पण या वेळी स्वतःच त्या ओळीपासून सुरुवात करा. दोघांकडे एकाच वेळी जाऊ नका, गोंधळ होतो.

कुठेही गेलात तरी १९७९ मध्ये मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी सांगितलेल्या तीन गोष्टी तपासा. दोघांचं ध्येय एकच आहे का, त्यासाठी काय करायचं ते दोघांना पटलंय का, आणि या माणसावर विश्वास बसतोय का. तिसरी पहिल्याच दिवशी जमेल असं नाही. पहिल्या दोन मात्र सुरुवातीच्या दोन-तीन भेटींत स्पष्ट व्हायला हव्यात. साधारण किती भेटी लागतील आणि सुधारणा कशावरून ओळखायची, हेही विचारा. शिक्षण विचारायला संकोच करू नका. समुपदेशकाची पाटी लावणाऱ्या प्रत्येकाचं प्रशिक्षण सारखं नसतं. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत असतात, ती नोंदणी विचारता येते. तुमची माहिती गुप्त ठेवणं ही २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्यांच्यावर टाकलेली जबाबदारी आहे. गोळ्या मात्र कुणाच्याही सांगण्यावरून परस्पर बंद करू नका. झोप सुधारली म्हणजे त्या काम करतायत, आणि कमी करायच्या त्या डॉक्टरांना विचारूनच.

यजमानांचं बोलणं तुसडेपणाचं नाही, त्यात काळजी आहे. घरच्यांची ताकद मोठी असते हे खरंच आहे. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून सोबत राहायला बोलावलं. रुग्ण लवकर घरी परतू लागले आणि घरच्यांनाही आजार समजला. पण तिथेही डॉक्टर होतेच, घरचे त्यांच्या जोडीला होते. यजमानांना एक भेट तुमच्याबरोबर घ्यायला सांगा. घरात त्यांनी करायचं काम तिथेच ठरेल, आणि ते सोपं नाही. तुम्ही ‘पाणी वाढलं का हो?’ असं विचाराल तेव्हा दर वेळी ‘नाही गं, काही नाही’ असं म्हणायचं नाही. तेही मोबाईल बघण्यासारखंच आहे, फक्त आकडा नवऱ्याच्या तोंडून येतो. त्याऐवजी ‘ठरलेल्या वेळेला दोघं मिळून बघू’ म्हणायचं आणि शेजारी बसायचं. शिवाय नवऱ्याला किंवा सासरच्यांना सांगताना आपण त्यांचा चेहरा बघून शब्द बदलतो. तो चेहरा सांभाळायची गरज नसलेली एक जागा हवी, त्यासाठी पैसे मोजणं वावगं नाही.

आणि ज्यांना पैसे मोजणं शक्य नाही अशा वाचकांसाठी: जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात मानसिक आरोग्याच्या सेवा मिळतात. सांगली-मिरजेत शासकीय रुग्णालयात आणि साताऱ्यात जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. जगणं नकोसं वाटण्याचे विचार येत असतील तर पुढच्या भेटीची वाट न बघता त्याच रात्री हा फोन लावा आणि घरातल्या एका माणसाला उठवून सांगा.